हातचा न लागणारी संख्या

परवा रात्री भाचीचा फोन आला. सातवीत आहे. फोन उचलल्याबरोबर "मामा, डावीकडचा आठ गेला कुठे?" नमस्कार नाही, कसा आहेस नाही. मला आधी वाटलं व्यापारच्या डावाबद्दल काहीतरी असेल. मग उलगडा झाला.

तिला कुणीतरी शाळेत ती प्रसिद्ध गंमत दाखवली होती. ११ ला ११ ने गुणलं की १२१. १११ ला १११ ने गुणलं की १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. असं करत करत नऊ एकांपर्यंत गेलं की येते ती ही संख्या:

१२३४५६७८९८७६५४३२१

इथपर्यंत सगळं छान. बहुतेक जण इथेच थांबतात, टाळ्या वाजवतात आणि जेवायला जातात. या बाईंनी दहा एक घेऊन वहीत गुणाकार मांडला आणि उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. एकपासून सातपर्यंत ठीक, मग एकदम नऊ, मग दोन शून्यं, आणि पुढे उतरताना मात्र नऊ, आठ, सात अगदी शिस्तीत. तीनदा केलं, तीनदा तेच. "माझं चुकलं का?" असं तिने विचारलं नाही, आठ कुठे गेला असं विचारलं. मला त्याचंच फार बरं वाटलं.

उत्तर फोनवर द्यायला गेलो आणि माझंच अडखळायला झालं. म्हणून हा लेख. (ताई, तिला वाचून दाखव. कंटाळली तर मधला हार्डीचा भाग गाळ.)

या संख्येशी माझी ओळख जुनी आहे. आमचे अण्णा, म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ, निवृत्तीनंतर आमच्याकडे डोंबिवलीला असत. उलटलेल्या महिन्याचं कॅलेंडरचं पान फाडलं की ते अण्णांचं. मागच्या कोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात गुणाकार चालत. त्या वेळी घरातल्या कॅल्क्युलेटरला आठच आकडे मावायचे. ११११ च्या वर्गापर्यंत तो साथ द्यायचा, पुढे पाच एकांना हात टेकायचा. अण्णा म्हणायचे, "यंत्राची धाव एवढीच," आणि पुढचं पेन्सिलीने करायचे. घरात या प्रकाराला 'अण्णांचा रिकामा उद्योग' असं नाव होतं. नाव कुणी ठेवलं ते लिहीत नाही, ते काका हा लेख वाचणार आहेत :-)

आता अण्णांचा कॅल्क्युलेटर गेला आणि संगणक आले, पण गंमत अशी की एक्सेललाही ही संख्या झेपत नाही. नऊ एकांचा वर्ग करायला सांगा, १२३४५६७८९८७६५४३०० असं उत्तर देतं. पंधरा आकड्यांपलीकडे ते लक्षात ठेवत नाही, शेवटच्या दोन घरांत बिनदिक्कत शून्यं भरून मोकळं होतं. पेन्सिल अजून पुढे आहे.

संख्या केवढी मोठी? सतरा आकडी. आपल्याकडे दहाच्या प्रत्येक घाताला वेगळं नाव होतं. भास्कराचार्यांच्या लीलावतीत एकं, दहं, शतं पासून थेट परार्धापर्यंतची यादी आहे. परार्ध म्हणजे अठरा आकडी, त्याच्या खालचं घर 'मध्य'. त्या नावांनी ही संख्या वाचून बघा: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दहा, एक. मोठ्याने म्हणायला मजा येते. लाख-कोटीच्या जोड्यांत वाचलं तर ही चढ-उतार कानाला कळतच नाही.

आता मूळ मुद्दा. हे होतं का?

शाळेतला उभा गुणाकार आठवा. १११ ला १११ ने गुणायचं म्हणजे १११ तीनदा लिहायचे, दर ओळीला एक घर डावीकडे सरकवून, आणि बेरीज करायची. उजवीकडच्या शेवटच्या रकान्यात एकच एक येतो, त्याच्या पलीकडे दोन, मधल्या रकान्यात तीन, मग परत दोन, मग एक. म्हणजे उत्तरातला प्रत्येक आकडा ही नुसती मोजणी आहे, त्या रकान्यात किती एक आले याची. नऊ एक घेतले की मधल्या रकान्यात नऊ. नऊ हा एका घरात मावणारा शेवटचा आकडा. त्यामुळे या अख्ख्या गुणाकारात कुठेही हातचा लागत नाही. दहा एक घेतले की मधल्या घरात दहा येतात, आणि पहिल्यांदा हातचा येतो.

त्या दहाचं काय होतं ते नंतर. आधी या संख्येचं नाव.

नाव आहे 'डेमलो'. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा मी अक्षरशः खुर्चीतून उठलो. नाव दिलं द. रा. कापरेकरांनी. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्यात फर्ग्युसन. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बीएस्सी, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर. बत्तीस वर्षं. ६१७४ या संख्येमुळे त्यांचं नाव जगभर माहीत आहे, त्यावर मराठीत भरपूर लिहून झालंय, मी पुन्हा लिहीत नाही. डेमलोकडे मात्र कुणाचं फारसं लक्ष जात नाही.

डेमलो हे एका स्टेशनाचं नाव. जुन्या जीआयपी रेल्वेवरचं (१९५१ साली तिची मध्य रेल्वे झाली), मुंबईपासून तीस मैलांवरचं. तिथे कापरेकरांना या संख्यांची कल्पना सुचली म्हणून त्यांनी स्टेशनाचंच नाव दिलं. आणि हे डेमलो म्हणजे आपली डोंबिवली, असं सांगितलं जातं. हिशोब जुळतो. व्हीटीपासून डोंबिवली अठ्ठेचाळीस किलोमीटर, म्हणजे तीस मैल. देवळालीहून मुंबईला जाणाऱ्या माणसाला इगतपुरी, कल्याण करत डोंबिवलीवरूनच जावं लागतं.

अण्णा त्याच स्टेशनावर तीस वर्षं चढले आणि उतरले. आपण घरी जाऊन कॅलेंडरच्या मागे जे खरडतो त्याला आपल्याच स्टेशनाचं नाव आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

पण कापरेकरांनी फक्त नाव दिलं असतं तर त्यात काय मोठं? त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. या संख्येचे तीन तुकडे करा. डावा १२३४५६७८, मधला ९, उजवा ८७६५४३२१. डावा आणि उजवा मिळवा: ९९९९९९९९. सगळे नऊ, म्हणजे मधला आकडा! १२३२१ घ्या. १२ आणि २१ मिळून ३३, मध्ये ३. १२१ मध्ये १ आणि १ मिळून २. कापरेकरांनी म्हटलं, मग हे लक्षण एकांच्या वर्गातच असायला हवं असं कुठे आहे? ४७७७७७७३ घ्या. चार आणि तीन मिळून सात, मध्ये साताची रांग. ही संख्या म्हणजे ४३ गुणिले ११११११११ मधला एक एक कमी, म्हणजे सात वेळा एक. २३ ला १११ ने गुणा, २५५३. दोन, पाच पाच, तीन. दोन आणि तीन पाच. तुम्हीही बनवू शकता. ज्या दोन आकड्यांची बेरीज नवाच्या आत आहे अशी कुठलीही दोन आकडी संख्या घ्या, तिला तीन किंवा जास्त एकांनी गुणा, डेमलो तयार. कारण तेच, उभा गुणाकार. दर ओळ एक घर सरकते, मधल्या प्रत्येक रकान्यात दोन्ही आकडे एकमेकांखाली येतात आणि त्यांची बेरीज होते, टोकांना एकेकटे राहतात. हातचा लागू नये एवढी अट. (हातचा लागला तरी निभावून नेणारे प्रकार पुढे आहेत, पण ते इथे नकोत.)

म्हणजे नऊ एकांच्या वर्गासारखी दिमाखदार संख्या या मोठ्या कुळातली एक. कापरेकरांनी या एकांच्या वर्गांना 'अद्भुत डेमलो' म्हटलं. १९३८ साली 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट'मध्ये त्यांची यावर टिपण आली, आणि १९३९ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात के. आर. गुंजीकरांच्या जोडीने डेमलो संख्यांच्या सिद्धांतावर लेख. एरवी त्यांचं बरंच लेखन स्वतःच छापलेल्या छोट्या पुस्तिकांमधून आलं. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं, तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली गेले.

आता जरा मागे जाऊ. बरंच मागे, अकराशे वर्षं.

राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, इसवी सन ८५० च्या सुमारास, महावीराचार्य नावाच्या जैन गणितज्ञाने 'गणितसारसंग्रह' लिहिला. ग्रंथाच्या सुरुवातीला अमोघवर्षाची स्तुती आहे. राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातलं मळखेड, आणि वेरूळचं कैलास लेणं खोदवणारं घराणं हेच. ग्रंथातल्या गुणाकाराच्या प्रकरणात महावीराचार्यांनी गमतीची उदाहरणं दिली आहेत. १३९ गुणिले १०९, उत्तर १५१५१. १५२२०७ गुणिले ७३, उत्तर आठ एक. १२३४५६७९ गुणिले ९, उत्तर नऊ एक. उत्तरं दोन्ही बाजूंनी सारखी वाचता येतात, म्हणून ते त्यांना गळ्यातल्या हाराची उपमा देतात. आणि त्यातच हे एक: २७९९४६८१ गुणिले ४४१. करून बघा. उत्तर १२३४५६५४३२१. एकपासून सहापर्यंत चढणारी आणि मग उतरणारी संख्या, असंच ते तिचं वर्णन करतात.

सहा एकांचा वर्ग. पण सरळ १११११११ असं काही लिहून नाही (आत्ता मीच एक एक जास्त लिहिला, १११११ आणि वर एक हवा होता, राहू दे, अण्णा हसले असते). १११११ नंतरचा, सहा एकांचा आकडा म्हणजे २१ गुणिले ५२९१. त्यातल्या २१ चा वर्ग ४४१ आणि ५२९१ चा वर्ग २७९९४६८१. म्हणजे आचार्यांनी हार आधी ओवला, मग त्याचे मणी दोन डब्यांत लपवून विद्यार्थ्यांच्या हातात दिले. सहावरच का थांबले? माझा आपला अंदाज असा की सहा एकांचे अवयव भरपूर पडतात, ३, ७, ११, १३ आणि ३७, त्यामुळे लपवायला सोपं. नऊ एकांचे अवयव ३, ३, ३७ आणि ३३३६६७. शेवटची मूळ संख्या भली मोठी, तिला झाकणार कशी?

आणि या सहाच्या हाराची एक गोष्ट मला लिहिता लिहिता लक्षात आली. आपण व्यापार खेळतो तेव्हा दोन फासे टाकतो. दोन पडायची रीत एकच. तीनच्या दोन, चारच्या तीन, पाचच्या चार, सहाच्या पाच, साताच्या सहा, आणि मग आठच्या पाच, नवाच्या चार, दहाच्या तीन, अकराच्या दोन, बाराची एक. ओळीने लिहा: १२३४५६५४३२१. महावीराचार्यांचा हार! योगायोग नाही. फाशाला सहा बाजू, संख्येत सहा एक. गुणाकारात पहिल्या ओळीतला प्रत्येक एक दुसऱ्यातल्या प्रत्येक एकाला भेटतो, तसा पहिल्या फाशाचा प्रत्येक अंक दुसऱ्याच्या प्रत्येक अंकाला. रकान्यातली मोजणी तीच. नऊ बाजूंचे फासे असते तर त्यांचा तक्ता म्हणजे आपली सतरा आकडी संख्या झाली असती.

हे मला का महत्त्वाचं वाटतं, तर हार्डीमुळे. रामानुजनांचा हार्डी. त्याने १९४० साली 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' लिहिलं. त्यात तो ८७१२ आणि ९८०१ यांचं उदाहरण देतो. चार आकडी संख्यांत उलट्या केल्यावर येणाऱ्या संख्येच्या पटीत असणाऱ्या या दोनच. ८७१२ म्हणजे २१७८ च्या चौपट, ९८०१ म्हणजे १०८९ च्या नऊपट. हार्डीचं म्हणणं, ही कोडी म्हणून ठीक, पण गणितज्ञाला यात काही नाही. यातून पुढे काही जात नाही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अण्णांच्या वतीने राग आला होता. आता वाटतं, हार्डीचं निम्मं बरोबर आहे. दहा बोटांमुळे आपण दहाच्या पद्धतीत लिहितो, आणि बऱ्याचशा अंकांच्या करामती त्या लिहिण्याच्या करामती असतात. आपली संख्याही तशीच वाटते. आठाच्या पद्धतीत लिहिणाऱ्या लोकांचा चढ सातवरच संपला असता, सोळाच्या पद्धतीत पंधरापर्यंत गेला असता. पण चढ-उतार सगळ्यांकडे असतो! दहा हा फक्त हातचा कुठे लागणार ते ठरवतो. खाली जी मोजणी आहे ती फाशांतही तीच आहे. ८७१२ च्या खाली काय आहे ते मला सापडलेलं नाही, याच्या खाली मात्र आहे. कापरेकरांनी वर्गावरून ४७७७७७७३ कडे उडी मारली ती नेमकी त्या रकान्यांच्या बेरजेवर बोट ठेवून. पुढे जाणं म्हणतात ते यालाच ना?

एक छोटी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो तिला कापरेकरांनी 'हर्षद' म्हटलं, आनंद देणारी. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. भाग जातो, उत्तर १५२४१५७८९९७१०४१, आणि हा १२३४५६७९ चा वर्ग. म्हणजे स्वतः डेमलो, स्वतः हर्षद. एक ते नऊ एकांच्या नऊ वर्गांत असं फक्त तिघांना जमतं: १, १२३२१ आणि ही.

आता आठ. भाचे, नीट ऐक.

दहा एकांच्या गुणाकारात मधल्या रकान्यात दहा आले. शून्य लिहिलं, हातचा एक. डावीकडच्या रकान्यात नऊ होते, हातच्याने दहा झाले. परत शून्य, परत हातचा एक. त्याच्या डावीकडे आठ होते, ते नऊ झाले. नवाला हातचा लागत नाही, म्हणून तिथे थांबलं. तेव्हा तुझा आठ गेलेला नाही. तुला जो नऊ दिसतोय तोच आठ आहे, हातचा घेऊन बसलेला. गेले ते नऊ आणि दहा, दोन शून्यांत. उजवीकडे काही बिघडलं नाही, कारण हातचा नेहमी डावीकडेच जातो.

आणि सगळं मोडलं असं समजू नकोस. अकरा एक घे. उत्तर १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. डावीकडे बघ: १२३४५६७९ आणि मग ०१२, म्हणजे परत सुरू झालं! एकाला ८१ ने भाग दे. ०.०१२३४५६७९०१२३४५६७९ असं चालत राहतं, आठ वगळून, कायमचं. कारण एक नवमांश म्हणजे ०.११११ आणि पुढे न संपणारे एक, त्याचा वर्ग एक एक्याऐंशांश. तुझी संख्या एकेक एक वाढवत त्याच रस्त्याला लागली आहे.

अण्णा गेल्यावर घर आवरताना कॅलेंडरची पानं रद्दीत गेली. मीच बांधून दिली होती. त्यातलं एक पान आठवतं, मागे दहा एकांचा गुणाकार मांडलेला आणि डावीकडच्या नवाभोवती पेन्सिलीने गोल. तेव्हा मला वाटलं, अण्णांना चूक सापडली असावी.

हे सगळं फोनवर सांगून झाल्यावर भाची म्हणाली, "मग बारा एकांचं करते, तू आधी सांगू नकोस." सांगत नाही. आणि कुणी प्रतिसादातही सांगू नका.